राउटर फक्त दादाचं ऐकतो

दादा : टीव्ही बंद आहे.

भिंगरी : बरं.

दादा : बंद म्हणजे नुसता रिमोटने नाही. मी आत्ता वर जाऊन बघून आलो. पिन भिंतीतून उपसून ठेवलीय. आणि इथे माझ्या फोनवर राउटर सांगतोय की टीव्ही नेटवर आहे. चांगला मजेत आहे.

भिंगरी : असेल. जुना झालाय, सवय सुटत नसेल.

दादा : भिंगरे, मला शेंड्या लावू नकोस. टीव्ही नुसता ओढतो. चित्रं खाली ओढायची आणि दाखवायची, एवढंच त्याचं काम. हा टीव्ही सकाळपासून उलटा नेटवर चित्रं पाठवतोय. कुणाला तरी स्वतःचं थोबाड दाखवत बसल्यासारखा.

भिंगरी : इतकी वर्षं दुसऱ्यांची थोबाडं दाखवून कंटाळला असेल बिचारा.

दादा : लॅपटॉप इकडे फिरव.

भिंगरी : नाही फिरवत. माझी तालीम चाललीय. मैत्रिणीला व्हिडिओवर केबलचा जोड करून दाखवत होते, टेबल नीट दिसतंय का म्हणून. थोड्या वेळात खरी मुलाखत आहे आणि तुला ते माहीत आहे.

दादा : मुलाखत नाहीये. तो विषय संपलाय. म्हणून तर तुझा लॅपटॉप मी राउटरमधून काढून टाकला.

भिंगरी : मग आहे का माझा लॅपटॉप नेटवर? बघ ना तुझ्या फोनवर. नाही ना? टीव्ही आहे. टीव्हीशी भांड.

दादा : तू टीव्हीचा मॅक अ‍ॅड्रेस लावून बसलीयस.

भिंगरी : बसलेय.

दादा : वर तोंड करून सांगतेयस! चोर तो चोर, वर शिरजोर.

भिंगरी : चोरला कुठे? टीव्हीच्या पाठीवर छापलेला आहे. धूळ पुसली आणि वाचला. त्या निमित्ताने मागून एकदा तरी पुसला गेला.

आई : काय चाललंय खाली? जिन्यात माझ्या कानापर्यंत आवाज येतोय. टीव्हीचं काय?

दादा : काही नाही आई. तू वर जा. दुकानातलं आहे.

आई : टीव्ही कधीपासून दुकानातला झाला? सरक, मला बसू दे पायरीवर. गुडघे नुसते बोलताहेत. हं, सांगा.

भिंगरी : मी सांगते. आई, नेटवर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूत एक चिप असते. फोन घे, लॅपटॉप घे, टीव्ही घे. तिला कारखान्यातच एक नंबर दिलेला असतो, तोच मॅक अ‍ॅड्रेस. बारा आकडे आणि अक्षरं. अर्ध्यावरून कळतं कुठल्या कंपनीची, उरलेला अर्धा तिचा एकटीचा. दुसऱ्या कुणाचा तसा नसतो.

आई : म्हणजे आडनाव आणि नाव.

भिंगरी : तसंच. आणि हा वर टांगलेला डबा, राउटर, तो कुणाला आत घ्यायचं ते त्या नंबरावरून ओळखतो. दादाने त्याला सांगून ठेवलंय, हे एवढे नंबर आपले, बाकी कुणी आलं तर दार लाव. परवा त्याने माझा नंबर काढला. मी दारात उभी, आणि डबा म्हणतो, कोण तुम्ही?

आई : आणि तू टीव्हीचा नंबर सांगितलास.

भिंगरी : आणि डबा म्हणाला, या या, टीव्हीसाहेब.

दादा : हसू नकोस आई. ही थट्टा नाही. हा माझा धंदा आहे. शाळेत, दवाखान्यात, त्या वकिलांच्या ऑफिसात मी हेच कुलूप लावून दिलंय. लोक माझ्या भरवशावर निवांत झोपतात.

भिंगरी : आणि मी तुला तेव्हाच म्हणाले होते की हे कुलूप नाही. हा दारावरचा म्हातारा आहे, छातीवरची पट्टी वाचून सोडणारा. पट्टी कुणाची आणि छाती कुणाची, ते बघत नाही तो. वकिलांकडे पासवर्ड तरी धड ठेव म्हटलं तर म्हणालास, तू जोड कर, डोकं मी चालवतो.

दादा : तुझ्या घरातच तू फट शोधत बसशील हे मला काय माहीत. कुंपणानेच शेत खाल्लं.

भिंगरी : कुंपण? मी? मला कुंपणाबाहेर काढलं कुणी?

आई : एक मिनिट. मुलाखत कसली ते मला नीट सांगा आधी. अर्धं अर्धं कानावर येतंय. जहाज म्हणालीस मागे, पुढे कुणी काही बोलेना.

भिंगरी : समुद्राच्या तळाशी केबल टाकलेल्या असतात आई. एका देशातून दुसऱ्या देशात. जगातलं बहुतेक बोलणं त्यांच्यातूनच जातं. कधी नांगर अडकतो, कधी तळ हलतो, केबल तुटते. मग एक जहाज जातं, तुटलेली टोकं वर ओढून घेतं आणि डेकवरच्या खोलीत बसून कुणीतरी आतली काच पुन्हा जोडतं. केसाएवढी काच, तिच्यातून उजेड धावतो. तशा माणसांची भरती आहे. मुलाखतीच्या दोन फेऱ्या झाल्या, दोन्हींत मी पास झाले. आता शेवटची. कॅमेऱ्यासमोर जोड करून दाखवायचा.

आई : जे तू इथे रोज करतेस तेच.

भिंगरी : तेच. फक्त हलत्या जमिनीवर.

दादा : आणि चार चार महिने घराचं तोंड बघायचं नाही, हे राहिलं सांगायचं.

भिंगरी : तेही सांगणार होते. तू मध्ये बोललास.

आई : मग शेजारच्यांकडे बसून दे ना मुलाखत. त्यांच्याकडे नाही का नेट?

भिंगरी : कशी जाऊ? जोडायचं मशीन त्याने साखळीने टेबलाला बांधलंय. किल्ली त्याच्या खिशात. माझ्या फोनचं नेट त्याने बंद केलंय, कारण सिम त्याच्या नावावर. या तळघरात नाहीतरी रेंज येत नाही. उरलं काय? हा डबा. आणि डबा फक्त दादाचं ऐकतो.

दादा : मशीन मागे एकदा साइटवरून चोरीला गेलं, म्हणून साखळी आहे. तुझ्यासाठी नाही.

भिंगरी : आणि सिम? ते कुठल्या साइटवरून चोरीला गेलं?

दादा : हे बघ, मला तुझ्याशी वाद घालायचा नाही. टीव्हीचा नंबर मी आत्ता काढून टाकतो. संपलं.

भिंगरी : काढ.

दादा : काढतोय.

आई : अरे, माझी मालिका...

भिंगरी : आई, एरवी तू आत्ता मालिका बघतेस. आज टीव्ही बंद कसा?

आई : डोळे दुखताहेत.

भिंगरी : परवापासून?

आई : परवापासून.

दादा : आई. पिन तू काढलीस?

आई : हो. परवा मी टीव्ही लावला की चित्र अडकायचं, आणि खालून हिचा आवाज, ‘गेलं, गेलं, परत गेलं.’ बंद केला की हिचं सुरळीत. दोन तीनदा लावून बघितला. टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी केलीय मी, एकाच लायनीवर दोघं आले की काय होतं ते मला कुणी शिकवायला नको. का ते कळलं नाही, पण एकाने बाजूला व्हायचं असतं एवढं कळलं. मी झाले. मालिकेत काय झालं ते शेजारीण सांगते. तिच्या तोंडून जास्त रंगतं.

दादा : म्हणजे तुलाही माहीत होतं.

आई : मला एवढंच माहीत होतं की पोरगी खाली काहीतरी मनापासून करतेय. पुढचं आत्ता कळतंय.

दादा : छान. म्हणजे घरात वेडा मी एकटाच. काढला. टीव्ही काढला यादीतून. बघ, गेलं तुझं?

भिंगरी : गेलं.

दादा : हं.

भिंगरी : थांब जरा. एवढं टाईप करू दे... हं. आता तुझ्या फोनवर बघ.

दादा : काय बघू? हे काय... नेट का गेलं माझं? आलं. गेलं परत.

भिंगरी : हातच्या कांकणाला आरसा कशाला? आता मी तू आहे.

दादा : माझ्या फोनचा नंबर घेतलास?

भिंगरी : घेतला.

दादा : तो कुठे छापलेला नाहीये. माझा फोन माझ्या खिशात असतो.

भिंगरी : वायफायवर बोलणारी प्रत्येक वस्तू आपला नंबर मोठ्याने ओरडत बोलते दादा. ऐकायला बसलं की ऐकू येतो. मुळात नव्या फोनांना हे कळतं, म्हणून ते खरा नंबर सांगत नाहीत, दर ठिकाणी बनावट देतात. पण तुझ्या म्हाताऱ्याला बनावट चालत नव्हता. म्हणून आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये ती सोय तू स्वतःच्या हाताने बंद केलीस. आठवतंय? जेवणाच्या टेबलावर बसून, एकेकाचा फोन मागून घेतलास. माझाही. मीच उघडून दिला होता.

दादा : निर्लज्ज.

भिंगरी : आता काढ ना मला. यादीतून तुझा फोन काढ.

आई : काढ की. काय झालं?

भिंगरी : नाही काढता येणार त्याला. डब्याचा कारभार फक्त त्याच्या फोनवरून, त्याच्या पासवर्डने चालतो. दुसऱ्या कुणी त्यात हात घालू नये म्हणून त्याने तशीच सोय केलीय. स्वतःला काढलं की डब्याशी बोलणार कोण?

दादा : तरी तुझा कॉल नाही चालणार. माझं वायफाय चालू आहे तोवर तूही अशीच तुटत राहशील. मी फोन हातातून ठेवणारच नाही. बसतो असा.

भिंगरी : बस. मीही बसते. तू टीव्हीचा नंबर काढलास, मी तुझा लावला. तू तुझा काढ, मी आईच्या फोनचा लावते. मला या घरातून काढायचं असेल ना दादा, तर तुला घरातल्या सगळ्यांना काढावं लागेल. एकेकाला. स्वतःला सुद्धा. आहे तयारी?

दादा : वायर उपसतो मग. आख्ख्या डब्याची. ना तुला, ना मला.

आई : खाली ये त्या स्टुलावरून.

दादा : आई, तू मध्ये पडू नकोस.

आई : मी मध्ये नाही पडत, मी पायरीवर बसलेय. पण तो डबा ज्या भिंतीवर आहे ती भिंत माझी आहे. हे तळघर मी रिकामं करून दिलं तेव्हा इथे माझी शिलाईची मशीन होती. तुला विचारलं होतं का मी, किती दिवस धंदा करणार, चालेल का, बुडेल का? खाली ये.

दादा : आलो. बोला. दोघी मिळून बोला.

आई : दोघी नाही, मीच विचारते. हिला जाऊ का देत नाहीस?

दादा : समुद्र म्हणजे गंमत वाटते का? महिनोन्‌महिने अनोळखी माणसांत. बायका किती असतील तिथे? वादळ आलं, काही झालं...

भिंगरी : मागच्या फेरीत मी तेच विचारलं होतं. आहेत बायका. वादळंही आहेत. कोण कोण काय काय करतं ते सगळं विचारलं मी. तू एक तरी प्रश्न विचारलास का मला? नुसता नंबर काढलास.

दादा : लोक काय म्हणतील...

आई : लोकांना ठेव बाजूला. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? तू माझा मुलगा आहेस. लोकांना तू कधी भीक घातली नाहीस. खरं सांग.

दादा : खरंच सांगतोय.

आई : नाही. तू खोटं बोलताना वायर गुंडाळत बसतोस. ती ठेव खाली.

दादा : ठेवली. ऐका मग. नव्या इस्पितळाचं काम घेतलंय मी. सगळे मजले. एवढं मोठं काम आपल्याला कधी मिळालं नव्हतं आणि परत मिळणार नाही. त्यातला प्रत्येक जोड कोण करणार? मी केलेला जोड तपासला की उजेड गळतो. हिने केलेला असला की मशीन सुद्धा गप्प बसतं. मी तिथे सही केली ती हिच्या भरवशावर. झालं समाधान?

भिंगरी : मला विचारलंस सही करताना?

दादा : घरच्या माणसाला काय विचारायचं?

भिंगरी : घरच्यालाच विचारायचं असतं रे! परक्याला निदान तू निविदा तरी पाठवतोस.

दादा : मला वाटलं तू आहेसच.

भिंगरी : तुला नेहमी तेच वाटतं. यादीत एकदा नंबर टाकला की झालं, तो कुठे जाणार? मी तुला मागच्या वर्षी म्हणाले, आणखी एक माणूस घे हाताखाली, मी त्याला शिकवते. म्हणालास, तू असताना कशाला. मी म्हणाले, दुकानाच्या पाटीवर माझंही काहीतरी टाक. म्हणालास, घरचंच तर आहे. आणि बाहेरच्या पहिल्या माणसाने मला विचारलं, बाई, तुम्ही येता का, तर तू दार लावलंस.

दादा : दार लावलं कारण...

भिंगरी : कारण?

दादा : कारण तिथे तुला काही झालं तर मी कसा येऊ? इथे तू पायऱ्यांवरून पडलीस तरी मला वरच्या खोलीत ऐकू येतं. तिथे? समुद्रात कुठे धावू मी? मला पोहता सुद्धा येत नाही.

आई : बघ. हे किती सोपं होतं सांगायला.

भिंगरी : दादा, मलाही भीती वाटते.

दादा : मग?

भिंगरी : मग काही नाही. भीती घेऊन जाणार. तुझी पण घेऊन जाईन, दे. पण जाणार. मी इथे वाईट आहे म्हणून नाही, तू वाईट आहेस म्हणून नाही. मला ते काम यायला लागलंय, आणि ते काम तिथे आहे. तुझ्या या डब्यातला नंबर आहे ना, त्याची सत्ता या डब्यापर्यंतच. त्याच्या पुढे तो जातच नाही. पलीकडे मुलाखत घेणाऱ्या बाईला काडीचाही पत्ता लागत नाही की इकडे टीव्ही बोलतोय, फोन बोलतोय की कुणाला घरातून काढून टाकलंय. तिला माझा आवाज ऐकू येतो आणि माझे हात दिसतात. तुझी यादी दारापाशी संपते. तिथून पुढे मी कोण ते मी सांगणार.

दादा : तोंड फार चालायला लागलंय तुझं.

भिंगरी : तुझ्याच दुकानात चालायला शिकलं.

आई : वेळ होत आली असेल तिची. आता काय करायचं ते बोला.

दादा : माझा नंबर सोड.

भिंगरी : माझा आत घे.

दादा : आधी तू सोड.

भिंगरी : आधी तू घे.

आई : लहानपणी झोक्यावरून असंच चालायचं तुमचं. शेवटी तिसरंच कुणीतरी झुलून जायचं.

दादा : अगं, मी घेऊ कसा? तू माझा नंबर धरून बसलीयस तोवर माझा फोन डब्याशी बोलूच शकत नाही. दर मिनिटाला तुटतोय. तू सोडल्याशिवाय तुला आत घ्यायचं बटणच मला दाबता येत नाही.

भिंगरी : आणि मी सोडलं की माझ्या हातात काय राहिलं? तू फोन खिशात घालून वर निघून जाशील.

दादा : जाईनही.

भिंगरी : बघ आई!

आई : मी काय बघू? तो खोटं बोलला नाही, एवढं बघितलं. वायरीला हात नाही लावला.

भिंगरी : ठीक आहे. सोडते. पण ऐकून ठेव दादा, हरले म्हणून सोडत नाही. चोरून आत जायचा मला कंटाळा आलाय. परवापासून टीव्ही झाले, आज तू झाले. त्या बाईंनी विचारलं, तुम्ही कोण, तर मला स्वतःच्या नंबरावर बसून सांगायचंय. तू आत घेतलंस तर इथून. नाही घेतलंस तर ही साखळी कापून मशीन डोक्यावर घेऊन रस्त्यात जाईन, आणि ज्याच्या दारात नेट असेल तिथे बसेन. मुलाखत होणार. सोडला. घे. आता तू एकटाच तू आहेस.

दादा : ...आलं माझं.

आई : मग?

दादा : थांब ना आई. बघू दे.

आई : बघ. तोवर एक सांगते. एक्सचेंजमध्ये पहिल्या दिवशी आमच्या बाईंनी मला शिकवलं. कुणी नंबर मागितला की जोडून द्यायचा आणि कान काढून घ्यायचा. कोण, कुणाशी, कशाला, हे आपण विचारायचं नाही. कधी कधी आवाजावरून कळायचं, ही आता घर सोडून निघालीय, हा आता वाईट बातमी ऐकणार आहे. हात थबकायचा. तरी जोडायचा. मी एकदाही अडवला नाही. काही वेळा रात्री झोप लागली नाही, पण अडवला नाही.

दादा : ती तुझी पोरं नव्हती.

आई : नव्हती. म्हणून सोपं होतं. आता अवघड आहे, म्हणून तर तुला सांगतेय. मलाही.

दादा : नंबर सांग तुझा.

भिंगरी : तुला माहीत आहे.

दादा : काढला तेव्हा पुसून टाकला. सांग.

भिंगरी : तीन सी, शून्य सात, ए नऊ...

दादा : पुढे.

भिंगरी : पाच एक, बी दोन, आठ आठ.

आई : परत म्हणून दाखव. नंबर घेतला की परत म्हणायचा असतो.

दादा : तीन सी, शून्य सात, ए नऊ, पाच एक, बी दोन, आठ आठ. बरोबर?

भिंगरी : बरोबर.

दादा : टाकला. बघ आत येतेस का.

भिंगरी : आले.

दादा : एक सांगतो. मी होकार दिलेला नाही. नंबर दिलाय. दोन्हींत फरक आहे.

भिंगरी : मला तूर्त नंबर पुरे.

दादा : आणि इस्पितळाचं काय?

भिंगरी : निवड झाली तरी लगेच निघायचं नसतं. तोवर माणूस घे, मी शिकवते. उजेड गळणार नाही असा शिकवते. पण तू शोधायचास, तू विचारायचंस, आणि त्याला विचारून सही करायची.

दादा : बरं बरं. उपदेश पुरे.

भिंगरी : आता वर जा तू. मला एकटीला बसायचंय.

दादा : नाही जाणार. मशीन माझं आहे. मी इथेच उभा राहणार.

भिंगरी : मग कॅमेऱ्याच्या मागे राहा. आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. आई, तूही.

आई : मी कधी बोलते?

(कॉल लागतो. भिंगरीच्या कानाला हेडफोन आहेत, पलीकडचं कुणालाच ऐकू येत नाही.)

भिंगरी : नमस्कार. हो, ऐकू येतंय. दिसतेय का मी? ...हो, हीच माझी कामाची जागा. माझ्या भावाचं दुकान आहे. ...इथेच शिकले. ...हो, हे मशीन. जोड आधी करू की आधी बोलायचंय? ...बरं, विचारा.

...घरचे? आहेत ना. इथेच आहेत. आई जिन्यावर बसलीय. भाऊ तुमच्या समोरच उभा आहे, कॅमेऱ्याच्या मागे, म्हणून दिसत नाही.

...नाही. त्याची संमती नाही.

...नको, त्याला नका विचारू. मला विचारलंत ना, मीच सांगते. त्याला काळजी वाटते आणि त्यात त्याची काही चूक नाही. तो रागावेल. कदाचित पोचवायला येणार नाही. तरी मी येणार आहे. तुम्ही घेतलंत तर येणार आहे. हे मी त्याच्यासमोर सांगतेय, म्हणजे तुम्हाला नंतर शंका नको.

...हो. सुरू करते. आधी काच पुसून घेते.

दादा : आई... आई, तो दिवा जरा तिच्या बाजूला वळव ना. हातावर सावली पडतेय तिच्या. तिला टोक दिसणार नाही.

आई : दिवा बरोबर आहे. सावली तुझी आहे. थोडा बाजूला हो.